मँडरिन शिकण्याचा क्रम: आधी उच्चार, मग अक्षरे, बोलीभाषा सर्वांत शेवटी

चिनी शिकणारी मराठी मंडळी बहुतेक एकाच ठिकाणी अडकतात. तीनचारशे शब्द पाठ झालेले असतात, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये गुणही चांगले पडतात. पण तोंड उघडले की समोरच्याला कळत नाही, आणि समोरचा बोलला की यांना कळत नाही. दोष बहुतेक वेळा क्रमाचा असतो. उच्चार कच्चे ठेवून शब्द भरले जातात, टोन, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे सुरांचे चढउतार, ‘पुढे बघू’ म्हणून मागे पडतात, आणि चेंगडूला किंवा ग्वांगझूला पोहोचल्यावर कानावर वेगळेच काही पडले की वाटते, शिकलेले सगळे वाया गेले.

एमबीबीएसला चीनमध्ये गेलेले विद्यार्थी, यिवू किंवा ग्वांगझूहून माल आणणारे व्यापारी आणि सिंगापूर-तैवानमध्ये नोकरी करणारे, या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचे टप्पे लिहिले आहेत. ते याच क्रमाने घ्या. एक टप्पा अर्धवट सोडून पुढचा सुरू केला, तर मागे येऊन दुरुस्त करायला दुप्पट वेळ लागतो.

या लेखात चिनी शब्द देवनागरीत लिहून शेवटी टोनचा आकडा दिला आहे, उदाहरणार्थ ‘माइ३’. ही सोय फक्त लेख वाचण्यापुरती आहे. तुमच्या वहीत पहिल्या दिवसापासून पिनयिनच, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धतच, वापरा. देवनागरीत लिहायची सवय लागली की ती सुटत नाही, आणि शब्दकोश, कीबोर्ड, पाठ्यपुस्तके सगळे पिनयिनमध्ये असते.

टप्पा १: कोणती चिनी, कोणती लिपी, हे आधी ठरवा

चीनमध्ये प्रमाणभाषेला, म्हणजे आपण जिला मँडरिन म्हणतो तिला, फुथुङह्वा म्हणतात. तिचा उच्चार पेकिंगचा (बीजिंगचा) आणि पाया उत्तरेकडच्या बोलींचा, अशी तिची अधिकृत व्याख्या १९५६ पासून आहे. तैवानमध्ये जवळपास तीच भाषा क्वोयू या नावाने चालते, सिंगापूर-मलेशियात ह्वायू या नावाने. तिघांत एकमेकांचे बोलणे सहज कळते. शब्द आणि बोलण्याची लय थोडी बदलते, इतकेच.

लिपीत मात्र निवड करावी लागते. चीन, सिंगापूर आणि मलेशियात सोपी केलेली अक्षरे चालतात. तैवान, हाँगकाँग आणि मकावमध्ये पारंपरिक. दोन्ही एकदम शिकायला घेऊ नका. जिथे जायचे आहे तिथली एक धरा. पाचसहाशे अक्षरे पक्की झाली की दुसरी लिपी वाचायला फार जड जात नाही, कारण बदल ठरावीक घटकांत झालेले आहेत.

ज्यांचा संबंध फक्त हाँगकाँगशी आहे, म्हणजे नोकरी तिथे किंवा सासर तिथे, त्यांनी सरळ कँटोनीज, म्हणजे तिथे बोलली जाणारी भाषा, शिकायला घ्यावी. ‘आधी मँडरिन, मग कँटोनीज सोपी जाईल’ हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. घरातल्यांशी बोलायला दोन वर्षे थांबावे लागेल, आणि मधल्या काळात शिकलेले टोन कँटोनीजला लागू पडणार नाहीत.

हाताशी चार गोष्टी ठेवा: आवाज असलेला शब्दकोश (प्लेको बहुतेक शिकणारे वापरतात), ध्वनी जोडता येणारी फ्लॅशकार्डे (अँकी चालेल), मोबाइलवर पिनयिन कीबोर्ड आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायची सोय. शेवटची गोष्ट लोक टाळतात. नेमकी तीच सर्वांत जास्त उपयोगाची आहे.

सावध: एचएसके या चिनी भाषेच्या अधिकृत परीक्षेची जुनी आणि नवी अशा दोन्ही रचनांची पुस्तके बाजारात आहेत. जुन्या रचनेत सहा पातळ्या होत्या, शब्द अनुक्रमे १५०, ३००, ६००, १२००, २५०० आणि ५०००. २०२१ मध्ये नऊ पातळ्यांचे नवे मानक आले. पुस्तक घेण्याआधी तुमचे विद्यापीठ किंवा कंपनी कोणत्या रचनेचे प्रमाणपत्र मागते ते विचारून घ्या.

टप्पा २: पिनयिन इंग्रजी समजून वाचू नका

सर्वाधिक नुकसान इथे होते. पिनयिनची अक्षरे रोमन आहेत, म्हणून आपण ती इंग्रजीसारखी वाचतो. खरे तर मराठी माणसाकडे जो ध्वनिसंच आहे तो इंग्रजी बोलणाऱ्याकडे नाही. तो वापरायचा सोडून आपण इंग्रजीच्या वाटेने जातो.

पहिला नियम. पिनयिनमधले बी, डी, जी हे ब, द, ग नव्हेत. प्रमाण मँडरिनमध्ये या जागी मृदू व्यंजने नाहीतच. तिथे फरक अल्पप्राण आणि महाप्राण यांचा आहे:

- बी म्हणजे प, आणि पी म्हणजे फ
- डी म्हणजे त, आणि टी म्हणजे थ
- जी म्हणजे क, आणि के म्हणजे ख

पेकिंगचा आजचा उच्चार ‘पेइ३ चिङ१’ असा आहे. वर्तमानपत्रातले ‘बीजिंग’ इंग्रजी स्पेलिंगवरून आले आहे.

इथे एक बारीक अडचण येते. हल्ली आपल्यातले बरेच जण ‘फळ’ म्हणतानासुद्धा इंग्रजी एफचा उच्चार करतात, म्हणजे वरचे दात खालच्या ओठावर टेकवतात. मँडरिनमध्ये पी आणि एफ हे दोन वेगळे ध्वनी आहेत. पीसाठी दोन्ही ओठ पूर्ण मिटले पाहिजेत आणि उघडताना हवेचा झोत बाहेर आला पाहिजे. एफसाठी दात-ओठ. आरशासमोर उभे राहून हे दोन्ही आलटून पालटून म्हणा.

दुसरा नियम. आपण शाळेत शिकलेले दोन ‘च’ इथे थेट उपयोगी पडतात:

- ‘जे’ म्हणजे चिंचेतला तालव्य च. ‘क्यू’ म्हणजे छत्रीतला छ. ‘एक्स’ म्हणजे शिंप्यातला श. तिन्हींना जिभेचे टोक खालच्या दातांमागे ठेवा.
- ‘झेड’ म्हणजे चुलीतला दंततालव्य च. ‘सी’ म्हणजे तोच च, पण जोरात हवा सोडून. हा महाप्राण मराठीत नाही. ‘चाक’ म्हणत पहिल्या अक्षरावर हवा सोडा, तोंडासमोर धरलेला कागद हलला पाहिजे.
- ‘झेडएच’, ‘सीएच’, ‘एसएच’ आणि ‘आर’ यांना जीभ ट म्हणताना असते तिथे न्या आणि मग च, छ, ष म्हणा. आर म्हणजे त्याच जागेवरून घोष (गळ्यातला कंप) लावलेला ष. आपला र तिथे चालत नाही.

तिसरा भाग स्वरांचा. यात तीन खाचखळगे आहेत.

झेड, सी, एस आणि झेडएच, सीएच, एसएच, आर यांच्यापुढे आलेला ‘आय’ हा इ नसतो. व्यंजनाच्या जागेवर जीभ तशीच ठेवून आवाज लांबवायचा. ‘चार’ला मी इथे ‘स्स४’ लिहितो आणि ‘दहा’ला ‘ष्ष२’, ते म्हणूनच. ‘सी’ आणि ‘शी’ म्हणालात तर ते वेगळे शब्द होतात.

जे, क्यू, एक्स आणि वाय यांच्यापुढचा ‘यू’ हा उ नसतो. ‘ई’ म्हणत राहा, जीभ हलवू नका आणि फक्त ओठांचा चंबू करा. जो ध्वनी येईल तो बरोबर.

शेवटी ‘आय-ए-एन’ असेल तर उच्चार ‘येन’ होतो, ‘यान’ नव्हे. पण ‘आय-ए-एन-जी’ असेल तर ‘याङ’ होतो. अंत्य न आणि ङ वेगळे ठेवा. वाङ्मयातला ङ आठवा, त्याच्यापुढे ग येऊ देऊ नका.

तपासणी: पिनयिनचा पूर्ण तक्ता, म्हणजे टोन सोडून साधारण ४०० अक्षरगट, आवाज ऐकून एकेक म्हणा. नंतर दुसऱ्याला आवाज वाजवायला सांगा आणि तुम्ही पिनयिन लिहा. वीसपैकी अठरा बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका. रोज अर्धा तास दिला तर तीनेक आठवडे पुरतात.

टप्पा ३: टोन सुटे नको, जोडीने

चार टोन आणि एक हलका, म्हणजे टोन नसलेला. पहिला उंच आणि सपाट. दुसरा मधून वर जाणारा. तिसरा खाली. चौथा उंचावरून झटक्यात खाली.

‘थाङ’ घ्या. थाङ१ म्हणजे सूप, थाङ२ म्हणजे साखर, थाङ३ म्हणजे आडवे होणे, थाङ४ म्हणजे चटका बसेल इतके गरम. डॉक्टरांना चारही लागतात. व्यापाऱ्यांनी दुसरी जोडी घोटावी: माइ३ म्हणजे विकत घेणे आणि माइ४ म्हणजे विकणे.

बहुतेक वर्गांत एकेक अक्षर घेऊन चार टोन म्हणून घेतात. ते दोन दिवस ठीक आहे. त्यानंतर सुटे टोन म्हणणे बंद करा, कारण बोलताना टोन सुटे येत नाहीत. मँडरिनमधले नेहमीचे बहुसंख्य शब्द दोन अक्षरांचे आहेत. चार टोनांच्या जोड्या सोळा होतात. तिसऱ्यापुढे तिसरा आला की पहिला बदलून दुसरा होतो, म्हणून ऐकायला पंधराच. हलका टोन शेवटी धरला तर आणखी चार. प्रत्येक जोडीसाठी ओळखीचा एक शब्द निवडा, तो शंभरदा म्हणा आणि नवा शब्द भेटला की ‘हा कोणत्या जोडीचा?’ असे विचारून त्या शब्दाच्या चालीवर म्हणा.

या जोड्या किती महत्त्वाच्या आहेत ते बघा. ‘ष्वेइ४ च्याओ४’ म्हणजे झोपणे. ‘ष्वेइ३ च्याओ३’ म्हणजे उकडलेले डंपलिंग. दोन्हींत व्यंजने आणि स्वर तेच.

आता चुका. तिसरा टोन पाठ्यपुस्तकात खाली जाऊन वर येणारा दाखवलेला असतो. मराठी विद्यार्थी प्रत्येक वेळी तो झोका पूर्ण घेतात आणि वाक्य अडखळते. वाक्याच्या मध्ये तिसरा टोन म्हणजे फक्त खाली राहणे. वर येणे फार तर शेवटी, सावकाश बोलताना.

दुसरी चूक आपल्या प्रश्नाच्या सुरातून येते. मराठीत प्रश्न विचारताना आपण वाक्याचे शेपूट वर नेतो. मँडरिनमध्ये तसे केले की शेवटच्या शब्दाचा चौथा टोन दुसऱ्यासारखा ऐकू येतो. प्रश्न असला तरी शब्दाचा टोन शाबूत ठेवायचा, हवे तर सगळे वाक्य थोडे उंच पट्टीत घ्या.

बदलाचे नियम तीनच पाठ करा:

1. तिसरा + तिसरा = दुसरा + तिसरा. म्हणून ‘नि३ हाओ३’ बोलताना ‘नि२ हाओ३’ होते.
2. नकाराचा ‘पु४’ चौथ्या टोनपुढे ‘पु२’ होतो.
3. ‘एक’ म्हणजे ‘यि१’, तो चौथ्यापुढे ‘यि२’ आणि बाकी तिघांपुढे ‘यि४’ होतो. मोजताना आणि क्रम सांगताना ‘यि१’च राहतो.

तपासणी: मोबाइलचे चिनी व्हॉइस टायपिंग सुरू करा आणि दोन अक्षरांचे सुटे शब्द बोला. पूर्ण वाक्य बोललात तर यंत्र संदर्भावरून तुमच्या चुका पोटात घालते आणि तुम्हाला खोटा विश्वास येतो. सुट्या शब्दात ती सोय त्याला कमी मिळते. शिवाय आठवड्यातून एकदा स्वतःचे रेकॉर्डिंग मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐका.

टप्पा ४: वाक्यरचना, जिथे मराठी कामाला येते आणि जिथे फसवते

प्रश्न करायला वाक्याच्या शेवटी ‘मा’ लावतात, अगदी आपल्या ‘का’सारखा. ‘तू येतोस का?’ म्हणजे ‘नि३ लाइ२ मा’. विशेषण-वाक्येही आपल्यासारखी नामाच्या आधी येतात. ‘काल आलेला माणूस’ याच क्रमाने चिनीत सांगतात: काल, येणे, ‘त’ हा जोडशब्द, माणूस. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ही रचना महिनोन्महिने छळते, आपल्याला दोन दिवसांत जमायला हवी. वेळ आणि जागाही क्रियापदाच्या आधीच. उत्तरेकडच्या बोलण्यात ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेदसुद्धा आहे: ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर ‘चान्२ मन्’ (हा चुलीतला च), एरवी ‘वो३ मन्’. दक्षिणेत मात्र दोन्हींसाठी ‘वो३ मन्’च ऐकाल.

फसवणूक तीन ठिकाणी होते. कर्म क्रियापदानंतर येते, ‘मी चहा पितो’ हा क्रम चालत नाही. विशेषणापुढे ‘आहे’ लागत नाही. ‘मी कामात आहे’ला ‘वो३ हन्३ माङ२’, मध्ये ‘ष्ष४’ (आहे) घातलात तर ते लगेच कानाला खटकते. आणि ‘ल’ हा भूतकाळाचा प्रत्यय नाही. तो क्रिया पुरी झाली किंवा परिस्थिती बदलली हे सांगतो. ‘पाऊस पडायला लागला’ हे सांगतानासुद्धा ‘ल’ येतो आणि पाऊस अजून पडतच असतो.

आकड्यांसाठी वेगळा आठवडा द्या. चिनी मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते, त्याला ‘वान्४’ म्हणतात. आपले एक लाख म्हणजे १० वान, आणि एक कोटी म्हणजे १००० वान. रुपयांत विचार करून मनात इंग्रजी मिलियन करत बसू नका, लाखाला दहाने गुणा की वान मिळाले. दुकानात ‘८ च२’ असे लिहिलेले दिसले तर ते ८० टक्के सूट नाही. किमतीच्या ८० टक्के द्यायचे, म्हणजे सूट २० टक्के. फोन नंबर सांगताना एकला ‘याओ१’ म्हणतात, आणि वस्तू मोजताना दोनला ‘ल्याङ३’.

टप्पा ५: अक्षरे घटकांतून शिका

पहिला दीड महिना उच्चारांना दिल्यावरच अक्षरांकडे वळा. लिहिण्याचा क्रम थोडक्यात: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, बाहेरची चौकट आधी, आतले नंतर, चौकट शेवटी बंद.

अक्षर म्हणजे चित्र, असे समजून शिकवणारे व्हिडिओ पाहून वेळ घालवू नका. बहुसंख्य अक्षरे दोन भागांची असतात. एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. एक कुटुंब जवळून बघू. ‘छिङ१’ असा उच्चार असलेले एक साधे अक्षर आहे, अर्थ हिरवा-निळा. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब लावले की ‘छिङ१’, स्वच्छ, नितळ. बोलण्याचा घटक लावला की ‘छिङ३’, विनंती करणे. सूर्य लावला की ‘छिङ२’, निरभ्र. हृदय लावले की ‘छिङ२’, भावना. डोळा लावला की ‘चिङ१’, बुबुळ. एक घटक कळला आणि पाच अक्षरे हाती आली. उच्चार तंतोतंत तोच राहतो असे नाही, टोन बदलतो, कधी व्यंजनही. पण अंदाज बांधायला आधार मिळतो.

पहिली दोनतीनशे अक्षरे हाताने लिहा, म्हणजे घटक डोळ्यांत बसतात. त्यापुढे हाताने लिहिण्याचा हट्ट बहुतेकांनी सोडावा. रोजचा व्यवहार पिनयिन कीबोर्डवर चालतो, तिथे पाच पर्यायांतून बरोबर अक्षर ओळखता आले पाहिजे. लेखी परीक्षा असेल त्यांची गोष्ट वेगळी.

सावध: एकट्या अक्षराची फ्लॅशकार्डे करू नका. कार्डावर पूर्ण शब्द, छोटे वाक्य आणि आवाज हवा. आवाज नसलेले कार्ड मूक वाचनाची सवय लावते, आणि मूक वाचनात टोन नाहीसे होतात.

टप्पा ६: बोली म्हणजे नेमके काय, ते तीन थरांत वेगळे करा

साधारण १२०० शब्द आणि आरामात ऐकता येणारी फुथुङह्वा हाती आल्याशिवाय हा टप्पा उघडू नका. ‘चीनमध्ये शेकडो बोली आहेत’ हे ऐकून लोक घाबरतात, कारण तीन वेगळ्या गोष्टींना ते एकच नाव देतात.

पहिला थर: प्रांतिक वळणाची फुथुङह्वा. तुम्हाला रोज हीच भेटणार. भाषा तीच, पण काही ध्वनी एकमेकांत मिसळतात. ही चार मिसळणी ओळखता आली की बराचसा गोंधळ संपतो:

- ष, मूर्धन्य च आणि छ (एसएच, झेडएच, सीएच) यांच्या जागी स आणि चुलीतला च. जवळपास सगळ्या दक्षिणेत.
- न आणि ल एक. सिचुआन, हुबेई, हुनान.
- ह आणि एफ एक. हुनानी माणूस स्वतःच्या प्रांताला ‘फ़ुलान’ (फ़ म्हणजे एफ) म्हणतो तो या दोन मिसळणींमुळे. फूचिएनमध्ये उलट, एफचा ह होतो.
- अंत्य ‘इन’ आणि ‘इङ’ एक. शांघाय आणि दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी.

पहिल्या मिसळणीचा त्रास बाजारात होतो. चार ‘स्स४’ आणि दहा ‘ष्ष२’. ष चा स झाला की फरक फक्त टोनचा उरतो. चौदा आणि चाळीस याच दोन शब्दांचे उलटसुलट क्रम आहेत. भाव ठरवताना बोटांच्या खुणा बघा, किंवा कॅल्क्युलेटर पुढे करा. चिनी व्यापारी आपसांतही तेच करतात.

दुसरा थर: मँडरिन गटातल्या बोली. चेंगडू (सिचुआनची राजधानी), शीआन, त्येनचिन, वुहान यांच्या बोली मँडरिनच्याच, पण टोनची चाल वेगळी. चेंगडूचा तिसरा टोन उंचावरून खाली पडतो, म्हणजे प्रमाणातल्या चौथ्यासारखा ऐकू येतो. आणि तिथला चौथा खाली राहून वर येतो, प्रमाणातल्या तिसऱ्यासारखा. परिणाम असा की चेंगडूच्या माणसाने ‘विकत घेतो’ म्हटले की नवख्याला ‘विकतो’ ऐकू येते. यावर उपाय म्हणजे त्या गावाच्या चार टोनांची जुळणी एका कागदावर मांडणे. प्रमाणातला पहिला इथे कसा, दुसरा कसा, असे चार ओळींत. शब्द बहुतांश तेच असल्याने ही किल्ली मिळाली की दोनतीन आठवड्यांत कान बसतो.

नेहमीचे काही शब्दही बदलतात. ‘चालेल’ला पेकिंगमध्ये ‘शिङ२’, हेनानमध्ये ‘चुङ१’, सिचुआनमध्ये ‘याओत’. ‘काय’ला उत्तरेत आणि सिचुआनमध्ये आखूड ‘षा’ किंवा ‘सा’. असे वीसपंचवीस शब्द त्या गावाचे म्हणून वेगळे लिहून ठेवा.

तिसरा थर: वेगळ्या भाषाच. यूए (कँटोनीज), वू (शांघाय, झेजियांग), मिन (फूचिएन, तैवान, आग्नेय आशिया), हाक्का, शियाङ, कान. चीनमध्ये यांनाही बोली म्हणतात, पण फुथुङह्वा येणाऱ्याला या आपोआप कळत नाहीत. ‘तो नाही’ अशा अर्थाची तीन अक्षरे बघा. प्रमाणात ‘था१ पु२ ष्ष४’, कँटोनीजमध्ये ‘खोय म् हाय’. तिन्ही शब्द निराळे.

‘सगळ्यांची लिपी एकच, फक्त उच्चार वेगळा’ हा समज इथे मोडतो. हाँगकाँगचा माणूस वर्तमानपत्रातला मजकूर बहुतांश प्रमाण रचनेतच लिहितो आणि वाचतो. तोच माणूस मित्राला मेसेज करताना कँटोनीज शब्दांची खास अक्षरे वापरतो, आणि ती पेकिंगच्या माणसाला नीट लागत नाहीत.

तरी नाते ऐकू येते. दक्षिणेतल्या काही भाषांनी जुने शेवटचे प्, त्, क्, म् टिकवले आहेत. प्रमाणात एक, सहा, आठ, दहा हे ‘यि, ल्यौ, पा, ष्ष’, कँटोनीजमध्ये ‘यत्, लुक्, पात्, सप्’. तीन ‘सान्’चे ‘साम्’ होते. ज्या गटाची भाषा ऐकावी लागणार आहे तिचे एक ते दहा आणि ‘मी, तू, तो, नाही, आहे, काय’ एवढे शिका. कानाला पकडायला खुंटी मिळते. वू भाषांत ब, द, ग सारखी मृदू व्यंजने आहेत, त्यामुळे शांघायची म्हातारी माणसे बोलताना आपल्याला अचानक ओळखीचे ध्वनी ऐकू येतात. त्या आधारावर अर्थाचा अंदाज बांधू नका.

सावध: बोलीतले ध्वनी स्वतःच्या बोलण्यात येऊ देऊ नका. बोली ऐकण्यासाठी शिका, तोंडात प्रमाणच ठेवा. परदेशी माणसाचे कच्चे टोन आणि त्यावर अर्धी सिचुआनी, असे मिश्रण कुणालाच कळत नाही. एखाद्या गावात वर्षानुवर्षे राहणार असाल, तर मग ती बोली वेगळी भाषा म्हणून नीट शिका.

टप्पा ७: नव्या गावी पहिला आठवडा

जाण्याआधी त्या गावाचा थर ठरवा. शेन्झेन हे बाहेरून आलेल्यांचे शहर आहे, तिथे फुथुङह्वाच चालते. ग्वांगझूच्या जुन्या बाजारात कँटोनीज कानावर पडेल. यिवूची स्थानिक भाषा वू गटातली, पण बाजारात सगळ्या प्रांतांचे लोक असल्याने व्यवहार दक्षिणी वळणाच्या फुथुङह्वात होतो. तिथे पहिल्या थराची तयारी पुरते. २०२० च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या ८० टक्क्यांवर लोकांना फुथुङह्वा येते. न येणारे मुख्यतः वयस्कर आणि खेड्यांतले.

वैद्यकीय विद्यार्थ्यांची गाठ नेमकी त्यांच्याशी पडते. अनेक विद्यापीठे वॉर्डात जाण्याआधी एचएसकेची चौथी पातळी मागतात, पण ती पातळी प्रमाण आवाजावर तपासलेली असते. वॉर्डसाठी वेगळी यादी करा आणि प्रत्येक लक्षणापुढे दोन शब्द लिहा, कागदावरचा आणि रुग्णाच्या तोंडचा. केसपेपरवर जुलाबाला ‘फ़ु४ श्ये४’ लिहितात, रुग्ण म्हणतो ‘ला१ तु४ च’. दुखण्याला उत्तरेत ‘थङ२’ म्हणतात, दक्षिणेत ‘थुङ४’. दोन्ही कानाला सारखेच सवयीचे हवेत. सोबत आलेल्या मुलाला किंवा नातीला आधी हाताशी धरा. घरात बोली, शाळेत फुथुङह्वा अशी ती पिढी असते, आणि तुमचा प्रश्न ती आजोबांपर्यंत पोहोचवते. औषधाचा डोस आणि अ‍ॅलर्जी या दोन गोष्टी मात्र अंदाजावर सोडू नका. तिथल्या नर्सकडून खात्री करून घ्या किंवा लिहून घ्या.

पहिल्या आठवड्यात रोज एकच काम करा: स्थानिक वाहिनीचा बोलीतला दहा मिनिटांचा कार्यक्रम खालच्या अक्षरांसह बघा. आधी आवाज बंद करून अक्षरे वाचा, मग आवाजासह, मग अक्षरे झाकून. जो शब्द अक्षरांत ओळखीचा आणि कानाला अनोळखी वाटला तो टोनच्या कागदावर टिपा.

समोरचा भरभर बोलीत सुरू झाला तर हसून मान डोलावू नका. सरळ म्हणा: ‘छिङ३ ष्वो१ फु३ थुङ१ ह्वा४, मान्४ यि४ त्येन्३’, म्हणजे ‘कृपया फुथुङह्वात बोला, जरा सावकाश’. तरीही न कळल्यास मोबाइल पुढे करून लिहून मागा. वाचता येत असेल तर पहिल्या दोन थरांतली बहुतेक कोडी तिथेच सुटतात.